कोकणातली सांस्कृतिक सहल: गट घेऊन निघण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही कोकण किनाऱ्यावर छोट्या गटांच्या सहली आखतो. ज्येष्ठ नागरिक संघ, वाचनालयं, महिला मंडळं, भिशीचे ग्रुप, तीस वर्षांनी भेटणाऱ्या शाळेच्या बॅचेस असे लोक येतात. बनाना राइड आणि पॅरासेलिंग आमच्याकडे नाही, ते किनाऱ्यावर पावलोपावली मिळतं. राजवाडे, जलदुर्ग, देवळं, संग्रहालयं आणि जुनी गावं हा आमचा प्रांत. फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

चार दिवसांत अलिबाग ते सावंतवाडी सगळं कोकण होईल का?

नाही. हा पहिलाच प्रश्न असतो आणि आमच्या या उत्तरावर निम्मे लोक नाराज होतात.

नकाशावर किनारा सरळ उभा दिसतो, पण वाटेत कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी अशा नद्यांच्या खाड्या आडव्या येतात. समोरचं गाव डोळ्यांना दिसत असतं आणि रस्ता मात्र वळसा घालून आत जातो. किनाऱ्याच्या रस्त्याने बस तासाला तीस किलोमीटर गेली तर चांगली गेली म्हणायची. सगळं बघायचा हट्ट धरला तर बघून होते ती फक्त बसची खिडकी.

म्हणून आम्ही कोकणाचे तीन तुकडे करतो. उत्तरेला अलिबाग, चौल-रेवदंडा, मुरुड-जंजिरा, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. मध्ये रत्नागिरी, गणपतीपुळे, मालगुंड, जमल्यास राजापूर. दक्षिणेला मालवण, विजयदुर्ग, पिंगुळी, सावंतवाडी, वेंगुर्ले. एका वेळी एकच तुकडा, तीन रात्री चार दिवस, आणि मुक्काम शक्यतो दोनच ठिकाणी. रोज सकाळी बॅगा भरायला लावणारी सहल ज्येष्ठांना मानवत नाही. खरं सांगायचं तर तरुणांनाही मानवत नाही, ते फक्त बोलत नाहीत.

रायगड कुठल्या तुकड्यात येतो?

कुठल्याच नाही. तो स्वतंत्र दिवस मागतो. रायगड, पाचाडला जिजाऊंची समाधी आणि महाडचं चवदार तळं, एवढ्यात दिवस भरतो. ६ जून १६७४ चा राज्याभिषेक गडावर झाला आणि २० मार्च १९२७ चा सत्याग्रह चवदार तळ्यावर. दोन्ही जागा एका दिवशी बघणाऱ्या गटांत परतीच्या वाटेवर गप्पा चांगल्या रंगतात. गडावर जायला रोपवे आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे लांब रांग असते, तेव्हा मंगळवार-बुधवार धरा.

कधी यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबरचा शेवटचा आठवडा सोडून. त्या आठवड्यात मालवणला गाडी लावायला जागा मिळत नाही आणि खोल्यांचे भाव विचारू नयेत असे असतात.

मे महिन्यात आंबे-फणस असतात, पण दुपारी बाराला किल्ल्याच्या जांभ्या दगडावर उभं राहून इतिहास ऐकायची कोणाची तयारी नसते. देवळाच्या आवारात अनवाणी चालताना तळपाय भाजतात. तेव्हा यायचंच असेल तर जाड मोजे आणा. पावसाळ्यात हिरवाईला तोड नाही, मात्र जलदुर्गांच्या होड्या बंद असतात आणि कोकण रेल्वेच्या गाड्या पावसाळी वेळापत्रकाने, कमी वेगाने धावतात. गणपतीच्या आसपास तर येऊच नका. तेव्हा आख्खी मुंबई गावी येते आणि आम्हीही आमच्या घरी आरतीत असतो.

कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं असं ऐकलं. वेळ कशी ठरवायची?

ओहोटीला जाता येतं. अलिबागच्या पुळणीवरून घोडागाडीही मिळते.

वेळेसाठी मोबाइलवर भरती-ओहोटीचे तक्ते आहेतच, पण आमच्याकडचा जुना हिशेब अजून उपयोगी पडतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, पहाटे आणि दुपारी. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वानऊ. हा हिशेब मुंबई-अलिबागच्या बाजूचा. मालवणकडे भरती थोडी आधी लागते.

यात एक मेख आहे. अष्टमीला सहाची भरती आणि दुपारी बाराची ओहोटी, म्हणून अष्टमी सोयीची वाटते. पण अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं. भरती कमी चढते तशी ओहोटीही कमी उतरते, आणि वाटेत पाणी राहतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सगळ्यात जास्त ओसरतं, पण ते सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे एकदा किल्ला उघडायच्या आधी आणि एकदा बंद झाल्यावर. म्हणून आम्ही तृतीया ते पंचमी धरतो, शुद्ध असो वा वद्य. सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान जाऊन आलं की चपला हातात घेऊन निवांत होतं. परत कधी निघायचं ते घोडागाडीवाला सांगेल, आणि तो सांगेल तेव्हा निघायचं. आत १७५९ मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं गणपती पंचायतन आहे. तिथे बसलं की लोक उठत नाहीत, आणि पाणी तर थांबत नाही.

अलिबाग गावातली कान्होजी आंग्र्यांची समाधी बहुतेक सहली चुकवतात. तुम्ही चुकवू नका.

सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद असली तर?

वाऱ्यापुढे कोणाचं चालत नाही. जेटीवरचा म्हातारा होडीवाला नुसतं क्षितिजाकडे बघून म्हणतो, "आज वारो हा, फाल्या येवा", म्हणजे उद्या या. त्याच्याशी हुज्जत घालू नये. मालवणात आम्ही दोन सकाळी हाताशी ठेवतो त्या याचसाठी. दोन्ही दिवस वारा असलाच तर पिंगुळी आणि धामापूरचं तळं हा पर्यायी दिवस तयार असतो. होडीचे पैसे घेतलेले असतील तर ते परत मिळतात.

होडी मिळाली तर घाई करू नका. होडीवाले साधारण तासाभराची वेळ देतात. ती पुरत नाही, म्हणून गटासाठी आधीच जास्त वेळ ठरवून घ्यायची. किल्ल्याचं बांधकाम २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर सुरू झालं. होडी तटाच्या अगदी जवळ आली तरी दरवाजा दिसत नाही. दोन बुरुजांच्या मधल्या वळणात तो लपलेला आहे आणि आत शिरल्यावरच कळतो. दरवाजाजवळ वरच्या बाजूला दोन छोट्या घुमट्या आहेत. त्यांत चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे जपलेले आहेत, ते शिवाजी महाराजांचे मानले जातात. लोक खाली फोटो काढत राहतात आणि वर बघायचं विसरतात. पुढे राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आणि दूध, दही, साखर या नावांच्या विहिरी. चहूकडे खारं पाणी आणि विहिरींना गोडं. वाटाड्या ओंजळीत पाणी देईल, चव घेऊन बघा.

युनेस्कोच्या यादीतले किल्ले या सहलीत किती होतात?

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून १२ किल्ले जागतिक वारशात गेले. त्यांतले रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे ५ कोकणातले. ग्रुपला जमण्यासारखे तीन, रायगड, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. हर्णैच्या सुवर्णदुर्गावर होडीतून पाण्यातच उतरावं लागतं, गुडघे दुखणाऱ्यांना तो आम्ही किनाऱ्यावरून दाखवतो. जंजिरा यादीत का नाही, असं हमखास विचारतात. तो सिद्दींचा, मराठ्यांना शेवटपर्यंत न मिळालेला. यादी मराठ्यांच्या किल्ल्यांची आहे.

हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला, ती जागा दाखवता का?

जागा दाखवतो. किल्ल्यात साहेबाचे ओटे म्हणून ते प्रसिद्ध आहेत. गोष्ट मात्र सांगतात त्यापेक्षा जरा वेगळी आहे.

१८ ऑगस्ट १८६८ ला भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसलं. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन ते बघायला आंध्रात गुंटूरला होता. इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर त्या वेळी भारतात नव्हता. त्याने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या वर्णपटात एक अनोळखी पिवळी रेषा पाहिली आणि पुढे त्या मूलद्रव्याला हेलियम नाव मिळालं. लॉकियर विजयदुर्गला आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, आपली दुर्बिणी-उपकरणं घेऊन. तोवर हेलियम पृथ्वीवरही सापडून झाला होता.

आम्ही ओट्यांपाशी उभं राहून हे असंच सांगतो. काही जण हिरमुसतात. पण हेलियम ज्याने प्रथम ओळखला तो माणूस ग्रहण बघायला इथे येऊन राहिला, हे काय थोडं आहे? शिवाय विजयदुर्गाला हेलियमची गरजही नाही. शिलाहारांपासूनचा किल्ला, आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं, १७५६ मध्ये इंग्रजांनी घेतलेला. तिहेरी तटबंदी नीट बघायलाच दोन तास लागतात.

थिबा राजवाड्यात बघण्यासारखं काय आहे? रिकामाच आहे ना?

बराचसा रिकामाच आहे, आणि तसाच तो बघायचा असतो. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि त्याला आधी मद्रासला व मग १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. राजवाडा बांधून त्याला राहायला मिळाला १९१० मध्ये, आणि डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच गेला. म्हणजे तीस वर्षांच्या नजरकैदेतली जेमतेम सहा वर्षं या वास्तूत.

जांभा दगड आणि सागवान. वरच्या मजल्यावर अर्धगोल खिडक्यांची लाकडी जाळी आहे. खिडकीत उभं राहिलं की भाट्याची खाडी आणि तिच्यापलीकडे समुद्र. कैद्याला इतका सुंदर देखावा द्यावा, यात क्रूरपणा जास्त की मेहेरबानी, यावर एका वाचनालयाच्या गटात भर दुपारी वाद रंगला होता. खाली राज्य पुरातत्त्व खात्याचं छोटं संग्रहालय आहे. राजाची समाधी शहरात वेगळ्या जागी आहे. २०१२ मध्ये म्यानमारच्या राष्ट्राध्यक्षांनी तिथे येऊन दर्शन घेतलं. आपल्या बसमधल्या निम्म्या लोकांना ती कुठे आहे ते माहीत नसतं.

सोमवारी येऊ नका, सरकारी संग्रहालयं बहुधा तेव्हा बंद असतात. त्याच दिवसाला जोडून टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर (२३ जुलै १८५६) आणि १९३१ मध्ये भागोजीशेठ कीरांनी उभारलेलं, सर्वांना खुलं असलेलं पतितपावन मंदिर होतं. दुसऱ्या दिवशी आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळे आणि तिथून पुढे लागूनच मालगुंडला केशवसुतांचं घर व स्मारक. कवितेची आवड असलेला गट असेल तर स्मारकाला वेळ जास्त ठेवा. नसेल तरी ठेवा.

सावंतवाडीचा राजवाडा सुरू असतो का? गंजिफा बनवताना बघायला मिळतात?

राजवाडा सावंत-भोसले घराण्याचा आहे, सरकारी नाही. ठरावीक भाग तिकीट काढून बघता येतो. घरात कार्य असेल तर वेळा बदलतात, म्हणून आम्ही आदल्या दिवशी फोन करतो.

गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते, हे इथलं खरं आकर्षण. लाखकामाची ही जुनी कला संपत चालली होती. सावंतवाडीच्या राजघराण्याने, विशेषतः राजमाता सत्त्वशीलादेवींनी, ती राजवाड्यात पुन्हा उभी केली. दरबार हॉलच्या कडेला कारागीर बसलेले असतात. हातात तळव्याएवढा गोल पत्ता, त्यावर बारीक कुंचल्याने मत्स्य किंवा वराह उतरत असतो. एक रंग सुकल्याशिवाय दुसरा लावत नाहीत. दशावतारी गंजिफेच्या जोडात १२० पानं, दहा अवतारांची प्रत्येकी १२, म्हणजे राजा, प्रधान आणि एक ते दहा. दिवसा खेळ रामाच्या पानाने सुरू होतो, रात्री कृष्णाच्या. बघताना कारागिराच्या उजेडात उभं राहू नका आणि "हे किती वेळात होतं?" हे पंचवीस जणांनी पंचवीस वेळा विचारू नका.

जोड महाग वाटतो, आणि तो महाग असायलाच हवा. कोणाला एवढं नको असेल तर चितारआळीत लाकडी फळं-खेळणी घ्या. बाजारात प्लास्टिकचीही दिसतील, उचलून वजन बघितलं की कळतं.

पिंगुळीला काय आहे?

कुडाळजवळचं गाव. ठाकर आदिवासी समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत सांगायची कथा), कळसूत्री आणि चामड्याच्या छायाबाहुल्या. परशुराम गंगावणे यांना या कामासाठी २०२१ चा पद्मश्री मिळाला. त्यांच्या अंगणातच संग्रहालय आहे, ठाकर आदिवासी कला आंगण. आधी कळवलं तर खेळ करून दाखवतात. दिवा पाठीमागे, पडदा पुढे, आणि तोंडाने कथा. पोरांना घेऊन आलात तर हा थांबा सगळ्यात वरचा.

देवळात गेल्यावर काय पाळायचं?

दुपारी नैवेद्याच्या वेळी गाभारा बंद होऊ शकतो, म्हणून देऊळ सकाळी. चामड्याचा पट्टा, पाकीट बसमध्ये. गाभाऱ्याचा फोटो विचारल्याशिवाय नाही. कपड्यांबद्दल काही देवस्थानांनी आता नियम केले आहेत. अंगभर कपडे घाला, म्हणजे प्रश्नच येत नाही.

आमच्या ग्रामदेवतांच्या देवळात मात्र आणखी एक गोष्ट असते. गुरवाला किंवा मानकऱ्याला सांगितलं तर तो तुमच्या गटाच्या वतीने गाऱ्हाणं घालतो. "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरुवात होते, कोण कुठून आलंय ते देवाला सांगितलं जातं, वाटेवर काही वाकडं असेल तर सरळ कर म्हणून विनवणी होते, आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. पहिल्या खेपेला लोक लाजतात, तिसऱ्या वाक्याला आवाज चढतो. श्रीफळ आणि दक्षिणा द्यावी, पण त्याचा व्हिडिओ काढून गाण्यावर चिकटवू नये. कौल लावणं हा खेळ नाही. गावकरी कौल घेत असतील तेव्हा बाजूला शांत उभं राहा.

आरवलीच्या वेतोबाला भलीमोठी चामडी पायताणं वाहतात. रात्री तो गावात फिरतो आणि ती झिजतात अशी श्रद्धा आहे. तिथे हसलेलं गावाला खपत नाही.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा सगळ्यांना जमेल?

नाही. पायऱ्या उतरून खडकावरून, समुद्राला लागून वाट आहे. पूर्ण ओहोटी असेल आणि खडक कोरडे असतील तरच. लाटांनी इथे माणसं ओढून नेली आहेत. आम्ही नाही म्हटलं की नाही. गणपतीपुळ्याची डोंगराभोवतीची प्रदक्षिणा मात्र साधारण किलोमीटरभराची, बांधलेल्या वाटेवरून आहे, ती आजीही करतात.

जत्रा आणि दशावतार बघायचा आहे.

मग कार्तिक-मार्गशीर्षात सिंधुदुर्गात या. गावोगाव जत्रा असतात आणि रात्री दशावतारी नाटक. लिहिलेली संहिता नसते, नट उभ्या-उभ्या संवाद रचतात. सुरुवातीला संकासुर येतो, मग आख्यान, आणि ते पहाटेपर्यंत चालतं. राहायची जागा जत्रेच्या गावापासून जवळ हवी, कारण निम्मा गट बारा वाजता झोपायला जातो. जमिनीवर बसायची तयारी, शाल आणि गरम खाजं एवढं पुरतं.

आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा कधी, असं जूनमध्येच विचारणारे असतात. तिची तारीख पंचांगात नसते, देवीच्या कौलाने ठरते आणि मग जाहीर होते. त्या दिवशी तिथे लाखोंची गर्दी असते, आमच्यासारख्या गटाने दुसरी एखादी लहान जत्रा बघावी.

फक्त देवळंच का? मशीद, चर्च, सिनेगॉग?

जरूर. दाभोळची बंदरालगतची जुनी मशीद, चौल-रेवदंड्याचे पोर्तुगीज अवशेष, कोर्लई गाव (तिथे अजून पोर्तुगीजमधून निघालेली बोली घरात बोलतात) आणि अलिबागचं मागेन अबोथ सिनेगॉग.

बेने इस्रायली लोकांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. आडनावं गावांवरून आणि शेवटी कर, बोलणं मराठीत. बहुतेक मंडळी इस्रायलला गेली तरी इस्रायल आळी आहे. सिनेगॉग बघायला शनिवारी जाऊ नका, तो त्यांच्या प्रार्थनेचा दिवस. पुरुषांनी डोकं झाकायचं, टोपी नसेल तर रुमाल चालतो.

कातळशिल्पं दाखवाल का?

दाखवू, पण दुपारी नाही. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरच्या, जांभ्यात कोरलेली ही चित्रं सपाट आहेत, ऊन डोक्यावर असताना समोर असूनही दिसत नाहीत. सकाळी लवकर किंवा पाचनंतर तिरपा उजेड पडला की रेषा उठून येतात. राजापूरकडच्या कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. रत्नागिरीजवळ उक्शीला बघण्यासाठी उंचावर सोय केलेली आहे, ते ज्येष्ठांना बरं. २०२२ पासून ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत.

खडूने रेषा गिरवायच्या नाहीत, पाणी ओतायचं नाही, बूट घालून चित्रावर चढायचं नाही. एकदा एका गृहस्थांनी "फोटो चांगला येतो" म्हणून खिशातून खडू काढला. गाइडने तो मागून घेतला आणि सहल संपेपर्यंत परत दिला नाही.

मुरुडचा नवाबाचा राजवाडा आतून बघता येतो?

नाही, खाजगी आहे. रस्त्यावरून बघायचा. जंजिऱ्याला मात्र राजपुरीहून शिडाच्या होडीतून जाता येतं.

दिवेआगरचा सोन्याचा गणपती?

१९९७ मध्ये बागेत खोदताना तांब्याच्या पेटीत सोन्याचा मुखवटा सापडला. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला, त्यात दोन रखवालदारांचा जीव गेला. २०२१ मध्ये मुखवट्याची पुन्हा प्रतिष्ठापना झाली.

यायचं कसं? रेल्वे की बस?

मुंबई-ठाण्याकडच्यांनी रेल्वेने या, बस इथे स्टेशनला उभी राहील. रत्नागिरी, कुडाळ आणि सावंतवाडी रोड ही आमची तीन स्टेशनं. आरक्षण आता ६० दिवस आधी सुटतं, त्या दिवशी सकाळी आठला बसलात तरच गटाची तिकिटं एका डब्यात मिळतील. पुणे-कोल्हापूरचे लोक घाटाने बसनेच येतात. आंबोली, फोंडा, गगनबावडा कुठलाही घाट असला तरी उलटीच्या गोळ्या नाश्त्याच्या आधी. नंतर घेऊन उपयोग नाही.

एसटी हवी असेल तर आगारात प्रासंगिक करारावर मिळते. चालक मार्गाचे माहीतगार असतात, हा मोठा फायदा.

उत्तर आणि मध्य कोकणात फेरीबोटी वापरतो. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. मिनीबस चढते. मोठी बस असेल तर आधी विचारून घ्यावं लागतं, कारण ओहोटीला धक्क्याचा उतार वाढतो आणि बसचं बूड घासतं.

जेवणाचं काय? आमच्यात निम्मे शाकाहारी आहेत.

काळजी करू नका. घरगुती खानावळीत जेवतो. आंबोळी, घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ, फणसाची भाजी, कुळथाची पिठी, सोलकढी. मासे खाणाऱ्यांना मासे, पण ताटं आणि भांडी वेगळी हवीत की चालेल, ते स्पष्ट सांगा. "ॲडजस्ट करू" म्हणणारे पंक्तीत बसल्यावर करत नाहीत. सोमवार, गुरुवार, संकष्टी कोण पाळतं याची यादी आम्ही आधी मागतो. काकू स्वयंपाकाला पहाटे लागतात, ऐनवेळी पाच ताटं फिरवायला त्यांना लावू नये.

वाटेत बायकांसाठी स्वच्छतागृहं?

हा प्रश्न पहिला विचारायला हवा आणि शेवटी कुजबुजत विचारला जातो. दर दोन तासांनी थांबा धरूनच मार्ग आखतो, आणि थांबे आम्ही स्वतः बघितलेले आहेत. किल्ल्यांवर सोय भरवशाची नाही. होडीत बसायच्या आधी जेटीजवळ उरकून घ्यायचं.

गुडघे दुखतात. सहल झेपेल?

रत्नागिरी आणि सावंतवाडी झेपेल. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला गाडी वरपर्यंत जाते. सिंधुदुर्गात होडीत चढणं-उतरणं हाच अवघड भाग, तिथे आमचे दोघे हात द्यायला असतात. आसूदचं केशवराज आणि मार्लेश्वर यांना चढण आहे, ती ठिकाणं अशा गटात घेत नाही.

ड्रोन आणू का?

नको. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, जंजिरा, कुलाबा, रायगड ही केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं आहेत. ड्रोनला परवानगी लागते आणि ती जेटीवर उभं राहून मिळत नाही. मोबाइलच्या फोटोला कोणी अडवत नाही.

संध्याकाळी बसायची सोय?

नाही. बसमध्ये तर नाहीच.

गट किती जणांचा हवा? नोंदणी केव्हा करायची?

वीस ते पंचवीस. त्याहून मोठा गट झाला की गाइडचा आवाज मागे पोचत नाही, एका होडीत मावत नाही आणि खानावळीत दुसरी पंगत लागते. शाळेची सहल असेल तर मुलांची संख्या जास्त चालते, पण शिक्षण विभागाची परवानगी शाळेने काढायची. एसटीत शालेय सहलीला निम्मं भाडं लागतं, तेव्हा मुलांसाठी खाजगी बस घेऊ नका.

नोंदणी तीन महिने आधी, म्हणजे रेल्वेचं आरक्षण सुटायच्या आत नावं पक्की होतात. नाव, वय, आधारप्रमाणे स्पेलिंग, औषधं, मांसाहार-शाकाहार आणि घरच्या एका माणसाचा नंबर, एवढं एका कागदावर पाठवा. गटाचा एकच खजिनदार नेमा आणि पैशांचं बोलणं त्याच्याशीच होईल. प्रत्येकाने वेगळा फोन करून "आमच्यापुरतं काही कमी होईल का" विचारलं तर उत्तर तेच असतं.